दाणे भरताना ज्वारी का लोळली?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पाच एकर कोरडवाहू जमीन आहे. त्यातली एक एकर मुरमाड, वीतभर मातीची. बाकी चार एकर मध्यम काळी. वर्षाला साधारण ५०० मि.मी. पाऊस पडतो, पण मध्येच तीन-चार आठवडे उघडीप असते. पावसाळा संपल्यावर दोन-तीन आठवडे विहीर चार तास चालते, पुढे हिवाळ्यात रोज तासभरच. त्यावर ठिबक करून अर्धा एकर टोमॅटो घेतो. यंदा बाजरी-तुरीची दुबार पेरणी करावी लागली. रब्बीत दोन एकर ज्वारी हिरवीगार, दाट होती. महिन्याची असताना एक पाणी दिलं, दोनदा युरिया टाकला. दाणे भरायच्या वेळी बुडातून मोडून आडवी झाली. आता नवीन बोअर घ्यावी, पाचही एकरांवर ठिबक करावं, की शेततळं खोदावं?

बोअर, ठिबक आणि शेततळ्याकडे येऊच, पण आधी त्या लोळलेल्या ज्वारीचं बघू. तिथे काय बिघडलं ते कळलं की बाकीच्या प्रश्नांची बरीचशी उत्तरं त्यातूनच निघतील.

शेतात अजून धसकटं असतील तर पाच-सहा ठिकाणची उपटा आणि बुडाकडची पहिली दोन कांडी सुरीने उभी चिरा. आतला गर जाऊन नुसते दोरे सुटे राहिलेत आणि त्या दोऱ्यांवर काळी भुकटी फासल्यासारखे बारीक कण चिकटलेत असं दिसलं, तर तो खडखड्या रोग आहे. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तोच असणार. ही बुरशी जमिनीत असतेच. पीक ताजंतवानं असताना तिचं काही चालत नाही. दाणे भरायला लागले की ताट आपल्या कांडातली साखर कणसाकडे पाठवतं. नेमकी त्याच वेळी मुळाखालची ओल संपली, तर कांड पोकळ आणि अशक्त होतं आणि बुरशी मुळांतून वर चढते. ताट पडल्यावर फवारणी करून उपयोग नसतो.

म्हणजे रोग हे वरचं लक्षण. खरं दुखणं पाण्याच्या वेळेचं आहे. एक पाणी तुम्ही दिलंत, पण महिन्याच्या पिकाला. तेव्हा जमिनीत ओल शिल्लक होती आणि पिकाची गरज दिवसाला जेमतेम दीड-दोन मि.मी. होती. त्या पाण्याने आणि दोन युरियांनी पानं वाढली. पान वाढलं की पिणारं तोंड वाढतं. पोटरीत येताना, म्हणजे कणीस पानाच्या कोषात फुगत असताना, हीच ज्वारी दिवसाला चार-पाच मि.मी. पाणी मागायला लागली, तेव्हा खालचा साठा रिकामा होत आला होता. त्यात पीक दाट. तुम्ही ज्याला छान हिरवीगार म्हणताय, त्या हिरवेपणानेच पुढचं पाणी आधी पिऊन टाकलं.

आता तो साठा किती, ते मोजू. एक मि.मी. पाऊस एक एकरावर पडला की साधारण ४,००० लिटर पाणी झालं. ५०० मि.मी. म्हणजे एकरी २० लाख लिटर, पाच एकरांवर एक कोटी लिटर. पाणी कमी पडत नाही, ते थांबत नाही. मध्यम काळी माती एक मीटर खोलीला पिकाला घेता येईल असं १५० ते १७० मि.मी. पाणी धरते. तुमची माती पाऊण मीटर खोल धरली तर ११० ते १३० मि.मी. बसतं, एकरी साडेचार-पाच लाख लिटर. तुमचं सगळ्यात मोठं तळं ते आहे, खोदून तयार आहे, आणि त्यातलं पाणी शेततळ्यासारखं उघड्यावर उडून जात नाही. पेरणीच्या दिवशी ते काठोकाठ भरलेलं असणं ही रब्बीतली पहिली अट. पाऊण मीटर हा माझा अंदाज आहे. चार ठिकाणी खड्डे घेऊन मुरूम किती खाली लागतो ते स्वतः बघा, कारण पिकाची निवड त्यावरच ठरते. दोन फुटांपेक्षा कमी माती असलेल्या तुकड्यात रब्बी ज्वारी घेऊ नका.

भरलं की नाही हे कसं कळेल? बोटाएवढ्या जाडीची, टोकदार लोखंडी सळई घ्या. मोठ्या पावसानंतर दोन दिवसांनी ती हाताच्या जोराने जमिनीत दाबा. ओल्या मातीत सळई सरसर जाते, कोरड्या थराला टेकली की अडते. शेताच्या वरच्या टोकाला, मध्यात आणि खालच्या टोकाला असं करा. वरच्या टोकाला सळई एक फुटावर अडली आणि खालच्या टोकाला अडीच फूट गेली, तर पाणी उतारावरून निघून जातंय, हे तिथल्या तिथे सिद्ध होतं.

रब्बीसाठी मोकळ्या ठेवलेल्या दोन एकरांत म्हणून बंदिस्त वाफे करा. उन्हाळ्यात नांगरून, कुळवाच्या (माती बारीक करणाऱ्या औताच्या) पाळ्या घालून ठेवलेल्या रानात, मोठा पाऊस लागण्याआधी सारायंत्राने किंवा बळीराम नांगराने उताराला आडवे आणि मग उभे वरंबे टाकायचे. वरंबा २० ते ३० सें.मी. उंच. उतार दीड टक्क्यापर्यंत असेल तर वाफा ६ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद चालतो. उतार दोन-तीन टक्के असेल तर ३ मीटर बाय ३ मीटर करा. उतार काढायला पारदर्शक नळीत पाणी भरून ३० मीटर अंतरावरच्या दोन काठ्यांवर पातळी बघा. ३० सें.मी. फरक म्हणजे एक टक्का.

इथे चूक होते ती वाफे मोठे ठेवण्यात. काम लवकर उरकतं, पण सगळं पाणी वाफ्याच्या खालच्या कोपऱ्यात साचतं, तिथला वरंबा फुटतो, ते पाणी खालच्या वाफ्यात जातं, तोही फुटतो, आणि तासाभराच्या पावसात वरपासून खालपर्यंत एक घळ पडते. त्यामुळे पहिल्या दोन मोठ्या पावसांनंतर फावडं घेऊन फिरायचंच. तण उगवलं तर वाफसा आल्यावर, म्हणजे चिखल न होता औत चालेल इतपत ओल झाल्यावर, पाळी घालून वरंबे पुन्हा धरावे लागतात. हे काम टाळलं तर साठवलेलं पाणी तणच पितं. पेरणीआधी हलक्या पाळीने वरंबे मोडून रान सपाट करा.

खरिपाच्या दोन एकरांत वाफे जमणार नाहीत, तिथे पीक उभं असतं. तिथे नांगरट, पेरणी, कोळपणी (ओळींमधली माती खरवडून तण काढणं) सगळं उताराला आडवं करा. एवढ्या एका बदलाला कसलाही खर्च नाही, आणि तरी तो होत नाही, कारण शेताची लांबी उताराच्या दिशेने असली की ट्रॅक्टरवाल्याला उभं चालवणं सोयीचं पडतं. आडवं चालवून घ्या. मग पीक महिन्या-सव्वा महिन्याचं झालं की शेवटच्या कोळपणीला कोळप्याच्या दात्यांना दोरी गुंडाळा. दोरीने माती दोन्ही बाजूंना सरकते, ओळींमध्ये सरी पडते आणि झाडाच्या बुडाला भर लागते. पुढचा पाऊस त्या सरीत थांबतो. उघडीप पडायच्या आधी हे झालं पाहिजे. कोरड्या ढेकळांत सरी नीट पडत नाही.

दुबार पेरणीबद्दल तुम्ही फार लिहिलं नाही, पण अंदाज येतो. पहिला ३० मि.मी. पाऊस झाला आणि पेरलं असणार. उन्हाळाभर तापलेल्या काळ्या मातीत ३० मि.मी. पाऊस जेमतेम चार-पाच इंच ओल करतो. वरची ओल आठवड्याभरात उडते. बी उगवतं, मूळ खाली कोरड्या थराला टेकतं आणि रोप माना टाकतं. नियम सोपा ठेवा: आठ-दहा दिवसांत मिळून ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय आणि सळई किमान एक फूट गेल्याशिवाय चाड्यावर (पाभरीच्या बी सोडायच्या पेल्यावर) मूठ धरायची नाही, म्हणजे पेरायचं नाही. पाऊस मोजायला महागडं यंत्र लागत नाही. सरळ उभ्या काठाचा, तळ सपाट असलेला डबा उघड्यावर, झाड-भिंतीपासून दूर ठेवा आणि सकाळी आत पट्टी उभी करून पाणी मोजा. डब्यात १२ मि.मी. पाणी म्हणजे १२ मि.मी. पाऊस. गावाच्या आकड्यावर विसंबू नका. शिवारातल्या शिवारात पाऊस बदलतो.

पेरणी तीन आठवडे लांबली तरी बाजरी-तूर सोडायची गरज नाही. मूग-उडीद मात्र मग नको. त्याहून उशीर झाला तर हुलगा किंवा एरंडीकडे वळा. बाजरी-तूर हा जोड तुम्ही निवडलाय तो योग्यच आहे. दोन ओळी बाजरी आणि एक ओळ तूर ठेवा. बाजरी अडीच महिन्यांत निघते, तेव्हा तूर अजून लहान असते. बाजरी गेल्यावर परतीचा पाऊस आणि मोकळी जागा सगळी तुरीची. एकाला उघडीप मारते तेव्हा दुसरं तगून राहतं. मात्र बाजरी कापल्यावर लगेच, ओल असतानाच, तुरीच्या ओळींमध्ये कोळपं फिरवा. धसकटाचं रान तसंच ठेवलं तर भेगा पडतात आणि त्या वाटेने खालची ओल निघून जाते.

आता विहिरीकडे. हिवाळ्यात विहीर रोज तासभरच चालते, हे पत्रातलं वाक्य वाचून मी कागदावर आकडेमोड केली, ती तुम्हीही करून बघा. २०० लिटरचा पिंप पंपाच्या तोंडाशी धरा. तो ७२ सेकंदांत भरला तर तासाला १० हजार लिटर पाणी येतंय. तुमचा पंप एवढाच धरू. अर्धा एकर टोमॅटोला दिवसाला पाच मि.मी. पाणी लागतं. अर्धा एकर म्हणजे २,००० चौरस मीटर, म्हणजे रोज १० हजार लिटर. विहिरीचा तो एक तास पूर्णपणे टोमॅटोत जातो. साठ दिवसांत सहा लाख लिटर. ज्वारीला ५० मि.मी.चं एक भरपूर पाणी द्यायला एकरी दोन लाख लिटर लागतात. म्हणजे ज्या पाण्यावर अर्धा एकर टोमॅटो उभा आहे, त्यात तीन एकरांचं एक-एक पाणी होतं.

टोमॅटोवर घरखर्च चालत असेल, आणि तो बंद करा असं सांगणं सोपं आहे. मी तसं म्हणणार नाही. पण अर्ध्या एकराचे दहा गुंठे करा आणि लागवड महिनाभर आधी घ्या, म्हणजे विहीर चार तास चालते त्या काळात झाडं मोठी होतील आणि ज्वारी पोटरीत येईल तेव्हा तोडे उरकत आलेले असतील. ताशी १० हजार लिटरने एका एकराला दोन लाख लिटर द्यायला २० तास लागतात, म्हणजे रोज तासभर चालवलं तर वीस दिवस. पाण्याची पाळी म्हणून ४५ व्या दिवशी सुरू करून ६५ व्या दिवशी संपवायची. तुषार संचाचे चार-पाच नोझल पुरतात. १२ बाय १२ मीटरवर साध्या नोझलने तासाला सुमारे १० मि.मी. पडतं, म्हणजे एका जागी पाच तास. चार नोझलला मिळून तासाला सहा हजार लिटरच्या आसपास लागतं, सात चालवले तर १० हजार. तुमच्या पंपाचा दाब किती नोझल झेलतो ते लावून बघा. दाब कमी पडला तर पाणी फवाऱ्यासारखं न पडता एका वर्तुळात धार बनून पडतं आणि मधली जागा कोरडी राहते. तसं दिसलं की एक नोझल कमी करा.

सरीतून मोकळं पाणी सोडायचं असेल तर भेगा पडायच्या आत सोडा. बोट जाईल एवढी भेग पडली की पाणी आडवं सरकतच नाही, सगळं भेगेत उतरतं, आणि ५० मि.मी.च्या जागी ८०-१०० मि.मी. खर्च होऊनही शेताचं खालचं टोक कोरडंच राहतं. एक सरी सोडून एक सरी भिजवा.

एकच पाणी असेल तर कधी? ज्वारीला पोटरीत येताना, ५० ते ५५ दिवसांचं पीक असताना. दुसरं मिळालं तर फुलोऱ्यात, ७० ते ७५ दिवसांना. हरभऱ्याला फांद्या फुटून फुलं लागायच्या बेताला, ३५-४० दिवसांनी, आणि तेही ३०-४० मि.मी.च. जास्त दिलं तर हरभरा माजतो, पाला वाढतो आणि घाटे कमी लागतात. तुरीला शेंगा भरताना. भर फुलोऱ्यात तुरीला पाणी सोडलं तर फूल गळतं, हे पुष्कळ जण नुकसान झाल्यावर शिकतात.

पुढच्या रब्बीत दोन्ही एकर ज्वारी न घेता एक एकर ज्वारी आणि एक एकर हरभरा करा, आणि दरवर्षी जागा बदला. खडखड्याची बुरशी हरभऱ्यावरही जगते, त्यामुळे फेरपालटाने ती संपेल अशी आशा धरू नका. पण हरभऱ्याला पाणी कमी लागतं, त्यामुळे ज्वारीच्या वाट्याचं पाणी वाढतं. हरभरा सात-आठ सें.मी. खोल पेरा. वरवर पेरलेला हरभरा ओलीला पोचत नाही आणि मर रोगालाही लवकर बळी पडतो.

ज्वारीचं पेरणीचं गणित असं: एकरी चार किलो बी, दोन ओळींत ४५ सें.मी., विरळणीनंतर दोन ताटांत १५ सें.मी. म्हणजे एकरी सुमारे ६० हजार ताटं. विरळणी दोनदा करा, दहा-बारा दिवसांनी आणि पुन्हा वीस दिवसांच्या आत. उगवलेलं रोप उपटायला हात धजत नाही, हे खरं आहे. पण तुमची ज्वारी पडली त्यात या दाटीचा वाटा मोठा आहे. खत सगळं पेरतानाच द्या: एकरी १६ किलो नत्र आणि ८ किलो स्फुरद, म्हणजे १७-१८ किलो डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) आणि २८ किलो युरिया. माती तपासणीत वेगळं निघालं तर त्याप्रमाणे बदला. दोन चाड्यांच्या पाभरीने (पेरणीच्या औताने) पेरा, म्हणजे खत बियाच्या खाली दोन इंचांवर ओलीत पडतं. एकाच चाड्यातून बी आणि युरिया मिसळून पेरू नका, युरियाने कोंब जळतो. नंतर वरून युरिया फेकायचा नाही. कोरड्या मातीवर पडलेला युरिया पिकाला मिळत नाही, आणि मिळालाच तर पुन्हा नुसतं पान वाढवतो.

त्यानंतर कोळपणी. पेरणीपासून तीन आठवड्यांनी फटीच्या (पात्याच्या मध्ये फट असलेल्या) कोळप्याने, पाच आठवड्यांनी पासेच्या (अखंड पात्याच्या) कोळप्याने, आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्याने. ही तिसरी कोळपणी सगळ्यात जास्त टाळली जाते, कारण तेव्हा तण नसतं आणि मजुरी वाया चालली असं वाटतं. ती तणासाठी नसतेच. तोवर जमीन आवळून भेगा पडू लागतात, दातेरी कोळपं वरची दोन इंच माती भुसभुशीत करून त्या भेगा बुजवतं. ओळींमध्ये बाजरीचं धसकट, तुरीचा पाला, वाळलेलं तण असं एकरी दोन टन आच्छादन पसरता आलं तर आणखी चांगलं. पण ते दुसऱ्या कोळपणीनंतर लगेच पसरा. ओल गेल्यावर आच्छादन घालणं म्हणजे रिकाम्या भांड्यावर झाकण ठेवणं. एवढं आच्छादन मिळत नसेल तर बांधावर गिरिपुष्प लावा, अर्धा-एक मीटर अंतराने. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून छाटलेला पाला सऱ्यांत टाकता येतो, त्यातून नत्रही मिळतं.

तुमच्या तीन प्रश्नांपैकी पहिल्याला, म्हणजे नव्या बोअरला, माझं उत्तर आहे: मुळीच नको. कठीण खडकात पाणी असतं ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि फटींत. विहीर हिवाळ्यात तासावर येते म्हणजे तो साठाच आटतोय. शेजारी बोअर घेतली तर ती बहुधा त्याच फटींतून ओढेल, विहीर आणखी लवकर बसेल आणि शेजाऱ्याचीही बसेल. ठिबकाचं उत्तर: दहा गुंठे भाजीला आहे ते ठेवा, बाकी चार एकरांवर नको. वर्षातून एक-दोनदा पाणी द्यायच्या पिकात कायमच्या नळ्या अंथरल्या तर त्या कोळपणीला आडव्या येतात. इथे हलवता येणारा तुषार संच बरा.

शेततळं मात्र करा, फक्त बेताचं. वर २० बाय २० मीटर, खोली ३ मीटर, बाजूंचा उतार दीडास एक (एक मीटर खोलीला दीड मीटर आडवा), म्हणजे तळ ११ बाय ११ मीटर. यात सुमारे ७४० घनमीटर, म्हणजे ७ लाख ४० हजार लिटर पाणी बसतं. भरेल का? चार एकरांत तुम्ही आडवी मशागत आणि वाफे केल्यावर तिथून पाच टक्के पाणी वाहून येईल असं धरा: ४०० घनमीटर. मुरमाड एकरातून वीस टक्के: तेही ४००. मिळून ८००, म्हणजे बऱ्या वर्षी तळं जेमतेम भरतं. दुष्काळी वर्षी अर्धंही भरणार नाही. शेतातलं पाणी मातीत अडवायचं आणि त्याच पाण्याने मोठं तळंही भरायचं, हे दोन्ही एकदम होत नाही. मातीचा हक्क पहिला. म्हणून तळं मुरमाड तुकड्याच्या खालच्या अंगाला, पण काळ्या, चिकण जागेत घ्या आणि आकार वाढवू नका.

खोदण्याआधी जागेवर एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन पाण्याने भरा, मुरू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि पातळी किती उतरते ते मोजा. दिवसाला एक-दोन सें.मी. उतरली तर चालेल. हातभर उतरली तर तिथे ५०० मायक्रॉनचं अस्तर लागेल, नाहीतर जागा बदला. पाणी आत येतं तिथे दोन मीटर लांब-रुंद, एक मीटर खोल गाळाचा खड्डा करा आणि उतरत्या तोंडाला दगड रचा. हे केलं नाही तर तळं गाळाने भरत जातं आणि तोंडाची कड दरवर्षी ढासळते. जादा पाणी जायला सांडवा भरावाच्या माथ्यापेक्षा ३० ते ५० सें.मी. खाली आणि गवत लावलेला हवा. पाणी भरावावरून गेलं तर एका रात्रीत भराव वाहून जातो.

तळ्यातलं सगळं पाणी तुमचं नाही, हेही धरून चाला. रोज पाच मि.मी. बाष्पीभवन म्हटलं तर भरलेल्या तळ्यातून साठ दिवसांत १२० घनमीटर उडतं, झिरपणं वेगळं. एक तृतीयांश सोडून द्या. पाच लाख लिटर उरतं, म्हणजे अडीच एकरांना एक पाणी. पावसाळा अजून शिल्लक असताना तळं भरलेलं असेल आणि उघडीप तीन आठवड्यांवर गेली, बाजरी निसवत असेल (कणसं बाहेर पडत असतील), तर खुशाल वापरा, ते पुन्हा भरू शकतं. पावसाळ्याच्या शेवटच्या महिन्यात मात्र हात आखडा. आणि विहिरीचं पाणी उपसून तळ्यात साठवू नका. विहिरीत ते सावलीत असतं.

उघडीप पडली आणि पाणी द्यायला नाही, तर कोळपणी करा. पानं दुपारी वळून सकाळीही सरळ होत नसतील तर पिकाची दर तिसरी ओळ किंवा मधली ताटं काढून तिथेच आच्छादन म्हणून टाका. उरलेल्या झाडांना त्या ओलीचा वाटा मिळतो. २ टक्के पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे लिटरला २० ग्रॅम, संध्याकाळी फवारल्याने आठवडाभर धीर मिळतो. पाण्याची जागा फवारणी घेत नाही.

राहिला मुरमाड एकर. तो पडीक आहे असं धरतो. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोच्या यातेंगा भागात कडक झालेल्या जमिनीवर झाई नावाचे खड्डे करतात. याकुबा सावाडोगो या शेतकऱ्याने १९८० च्या दशकात ते मोठे करून, पावसाआधीच त्यात खत घालून बाजरी-ज्वारी आणि पुढे झाडंही वाढवली. खड्डा ३० सें.मी. रुंद, १५-२० सें.मी. खोल, दोन खड्ड्यांत ७५ सें.मी. निघालेली माती उताराच्या खालच्या बाजूला अर्धचंद्राकार लावायची, तळात दोन ओंजळी कुजलेलं शेणखत. मेहनत फार आहे, म्हणून पूर्ण एकर घेऊ नका. दहा गुंठ्यांत सुमारे १,८०० खड्डे होतात, त्यांना साडेपाच क्विंटल खत पुरतं. उन्हाळ्यात दिवसाला पन्नास-साठ खड्डे घेतले तर महिनाभराचं काम आहे. तिथे पहिल्या वर्षी बाजरी लावा. न कुजलेलं शेण घालू नका, वाळवी लागते. बाकीचे तीस गुंठे गवताला ठेवा, कडेने सीताफळ आणि बोर लावा. तळ्यात पाणी यायला तो तुकडा उघडाच हवा आहे.

शेवटची गोष्ट शेततळ्याचीच, आणि ती खोदाईच्या दिवसापासून पाळा. अस्तराचा कागद ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही. पोहता येणारा माणूसही त्यातून वर चढू शकत नाही, लहान मूल किंवा वासरू तर नाहीच. चारी बाजूंनी कुंपण घाला. दर चार-पाच मीटरवर वर खुंटीला पक्का बांधलेला, गाठी मारलेला दोर तळापर्यंत सोडून ठेवा आणि हवा भरलेली एक जुनी ट्यूब दोराने बांधून पाण्यावर कायम तरंगत ठेवा.